नमुन्याचं दूध

पुन्हा पयल्यापासनं सांगू? मंग आत्ता सांगितलं ते काय भिंतीला सांगितलं? एकदाच दिलं. एकदा. एक घोट. हे मी पोराला सांगितलं, दूध संघाच्या चेरमनला सांगितलं, तुमच्या आधी तो चष्मेवाला डाक्टर आलता त्यालाबी सांगितलं — आन् आता तुमी पुन्यावरनं नेवाशापातूर एसटीत धक्के खात आलात आन् म्हनता, बाबा, नीट आठवून सांगा. सत्तरीला टेकलेल्या मानसाला कशाला आठवायला लावता. बरं, आलाच हायेत तर बसा. त्या खाटेवर नको, तिची पट्टी तुटलीय, हिकडं बसा. च्या घ्या. कोराच हाय. आमच्या घरात दूध येत न्हाई, दोन वर्सं झाली. का येत न्हाई ते आत चुलीपाशी बसलीय तिला इचारा, आक्काबाई, माझी मंडळी. माझ्याशी ती बोलत न्हाई. तुमच्याशी बोलंल कदाचित — तुमी डॉक्टरीणबाई, मी काय, मी नुसता नवरा.

तो कागद दाखवा पुन्हा. तोच, चौकोन आन् गोलाचा. चौकोन म्हंजे गडी आन् गोल म्हंजे बाई, बरूबर? हा महेंद्र, माझा पोरगा, अर्धा काळा. ही त्याची बायको यशोधरा, अर्धी काळी. त्यांच्या खाली पंकज, माझा नातू, सगळा काळा केलाय तुमी, चांगला घोटून. आन् शेजारी ह्यो नवा गोल, पंधरा दिसाची पोरगी. तीबी काळी. वर आक्काबाई अर्धी, आक्काबाईचा भाऊ अर्धा — आन् ह्यो कोरा चौकोन कोन? मी. बघा. कोरा. बहुतेक म्हनता? बहुतेक-बिहुतेक काय न्हाई, कोराच हाय तो. मामाची पोर केली हुती आमी महेंद्रला. आक्काबाईच्या सख्ख्या भावाची पोर, भिंगारची, भाऊ तिथं मिलिट्रीच्या हापिसात शिपाई. आमच्यात मामाच्या पोरीवर भाच्याचा पयला हक्क, बाहेरची आनली तर मामा रुसतो, लग्नाला येत न्हाई. मला काय ठावं की एकाच खानदानाचा रोग हिकडनं अर्धा आन् तिकडनं अर्धा येऊन पोरात पुरा हुतो. ऐकलंस का गं? तुझ्या माहेरावरनं दोनच गोष्टी आल्या घरात, एक तांब्याचा हंडा आन् एक ह्यो रोग. हंड्याला भोक पडलं.

न्हाई बोलत. म्हनलं ना.

तुमी मला अडानी समजू नका हां. हाय, अडानीच हाय, तिसरी शिकलो. पन तपासनी म्हंजे काय हे मला शिकवू नका. एकवीस वर्सं दूध तपासलं मी, संघाच्या शीतकेंद्रावर, ते बघा तिकडं पत्र्याचं दिसतंय, तिथं. आधी क्यान धुवायला हुतो. फॅट काढायचं काम आलं तवा गावातला एक मानूस पुढं येईना, कारन त्यात ॲसिड. काचेच्या नळीत आधी ॲसिड, मंग दूध, मंग औषधाचे थेंब, बूच लावायचं, हालवायचं, हातात नळी अशी तापती की सोडून द्यावी वाटती — सोडली की फुटली, फुटली की कातडी गेली. बोटं बघा माझी. ह्या बोटांना ठसा न्हाई, मतदानाला शाई लावनारा हसतो. साहेब म्हनला, सहादू, तू करतो का? मी म्हनलं करतो. आन् मंग गावात चर्चा — सहादूचा हात आमच्या दुधाला? तो श्रीमंत, आता वारला तो, त्याच्या दारात माझा बाप ताक मागायला उभा ऱ्हायचा, मी बापाचा हात धरून. तो वरनं वतायचा, हात लांब करून, आमच्या भांड्याला धार लागू ने म्हनून. निम्मं ताक जमिनीवर. छप्पन साली बापानं दीक्षा घेतली आन् त्या दारात जायचं बंद केलं, आन् ताकबी बंद झालं. दूध तर आमी बघितलं ते दुसऱ्याच्या म्हशीच्या सडालाच. तर त्या श्रीमंताच्या क्यानीत मी पयल्याच महिन्यात लॅक्टोमीटर सोडलं. अठ्ठावीस पायजे, बावीसला बुडालं. रांगंत पंचवीस मानसं. मी मोठ्यानं म्हनलं, बावीस, पानी. क्यान परत. त्या दिवशी मला जेवन गेलं न्हाई, इतकं पोट भरलं हुतं.

सांगतो, सांगतो, पंकजचंच सांगतो. तुमी घड्याळ बघू नका, तुमीच म्हनला पयल्यापासनं सांगा.

ब्यान्नव साली झाला. झाला तवा चांगला हुता. मंग महिन्या-दोन महिन्यांत उजळायला लागला, केस भुरे, डोळे भुरे, कातडी अशी साईवानी. आमच्या सात पिढ्यांत असा रंग न्हाई. बारशाला मी हसत हसत म्हनलं, यशोधरे, ह्यो आमचा दिसत न्हाई, भिंगारच्या मिलिट्रीतला कुनीतरी दिसतोय. मानसं हसली. हसन्याचंच बोलनं हुतं ते. यशोधरा उठून आत गेली, तिला चेष्टा कळत न्हाई. आता तुमी सांगता की रोगानंच रंग येत न्हाई अंगावर. मला कुठं ठावं हुतं. आन् वास. आंथरुनाला असा वास की घरात उंदीर मेलाय. आक्काबाईनं तीन दिवस उंदीर हुडकला — कनगी हालवली, पेट्या हालवल्या, चुलीमागची माती काढली. उंदीर न्हाई. वास पोराच्या लंगोटीला. सहा महिन्यांचं झालं तरी मान धरंना, कुनाकडं बघंना. आठव्या महिन्यात फिट आली तवा पुन्याला न्हेलं. तुमच्याच दवाखान्यात त्यांनी मुतात काय टाकलं आन् ते हिरवं झालं. हिरवं. मी तिथं हुतो. मी एकवीस वर्सं नळीत रंग बघितले, दूध तपकिरी हुतंय, करपलं तर काळं हुतंय, हिरवं कदी बघितलं न्हाई. मला त्यांचं ते पटलं, खोटं कशाला बोलू. नळी खोटं बोलत न्हाई.

पटलं न्हाई ते पुढचं. डाक्टर म्हनला, ह्याला दूध म्हंजे इख. दूध, डाळ, दाना, मटन, अंडं, सगळ्यात एक काहीतरी असतं, ते ह्याच्या अंगात जिरत न्हाई, मेंदूला चढतं. त्याला भायेरदेशातली पावडर पाजायची, आन् बाकी खायला घालायचं ते मोजून. साबुदाना, आरारूट, साखर, तूप, बटाटा मोजून, भात मोजून. आता मला सांगा. माझ्या बापानं दूध बघितलं न्हाई, मी बघितलं ते सडाला, महेंद्राला कदी पाव किलो आनलं तर आनलं. चौथ्या पिढीला पोरगं झालं ज्याच्या आज्याच्या हाताखालनं रोज दोन हजार लिटर दूध जातंय — आन् त्यालाच दूध इख? डाक्टर असं म्हनल्यावर मी त्याच्याकडं बघितलं. त्याचं आडनाव बघितलं. मी म्हनलं, साहेब, तुमच्या घरात पोरांना दूध देता का? त्यो म्हनला, देतो. मी म्हनलं, बस, कळलं मला.

हसू नका. तुमाला काय कळायचं त्यातलं.

यशोधरेनं मातूर ते सगळं पाळलं. ती नववी पास, तिला लिहिलेलं सगळं खरं वाटतं. सोनाराकडनं जुना काटा आनला, ल्हानसा, आन् त्या काट्यावर पोराचा भात मोजायची. दाना जास्त झाला की काढायची, कमी झाला की टाकायची. बटाट्याची फोड मोजायची. मला हसू यायचं. मी म्हनायचो, पोरगं हाय का अंगठी हाय? ती पावडर तर अशी घान वास मारती की मांजर तोंड लावनार न्हाई. ती नाक दाबून पाजायची, पोरगं ओकायचं, ती पुन्हा पाजायची, दिसातनं पाच येळा. आन् महिन्याला टाचेला सुई टोचून रक्ताचा थेंब त्या जाड कागदावर, गोलात बरूबर, सावलीत सुकवायचा, पाकिटात घालून पोस्टात. पंधरा दिसांनी कारट यायचं, त्यावर आकडा. सहाच्या आत पायजे. पयला आला बावीस, पावडर सुरू केली तवा. मंग आला नऊ. मंग पाच. त्या दिवशी यशोधरेनं पाचाचं कारट भिंतीला लावलं. पोरगंबी जरा बघायला लागलं हुतं, म्हनत्यात. मान धरली. मी न्हाई बघितलं असं काही, पन म्हनत्यात.

मंग वर गेला. बारा. सोळा. एकोनीस. तुमच्या दवाखान्यातनं चिठ्ठी आली — आईनं पथ्य पाळायला पायजे, चोरून काही देऊ ने. महेंद्रनं वाचली. तो टेम्पो चालवतो, दिसभर बाहेर, घरात आला की आधी कारट मागायचा. एकदा तिला इचारलं, दोनदा इचारलं, तिसऱ्यांदा हात उचलला. दान्याचा डबा, डाळीचा डबा, सगळं ट्रंकंत घालून कुलूप लावलं, किल्ली स्वोताच्या करगोट्याला. घरात डाळ शिजवायची तर त्याच्यासमोर. ती म्हनायची, मी देत न्हाई हो, मी कशाला दिईन. आक्काबाई म्हनायची, न्हाई देत ती, मी बघतीया. त्यो म्हनायचा, मंग हवेतनं चढतो का आकडा?

मी? मी काय म्हनायचो. मी काय म्हननार. नवरा-बायकोच्या मधी सासऱ्यानं पडू ने. मी जेवायचो आन् उठायचो.

आन् त्यात माझी काय चूक, डॉक्टरीणबाई, तिचं ती निस्तरती. शिवाय मला वाटायचं की बघा, दूध पोटात हाय तरी पोरगं मरत न्हाई, म्हंजी त्यांचं इख-बिख सगळं —

काय? कुठं म्हनलो मी? — न्हाई, तसं न्हाई. तसं न्हवतं म्हनायचं मला. पेन ठेवा खाली. पेन ठेवा म्हनतो ना.

ठेवलं? बरं. च्या प्या, गार झाला असंल.

आता तुमी आलाच हायेत तर केंद्राचं काम सांगतो, नुसतं काम, त्याचा ह्याचा संबंध लावू नका. प्रत्येक क्यानीतनं नमुना घ्यायचा असतो, पळीनं, ल्हान्या बाटलीत. नळीला लागतं जेमतेम अकरा मिली. बाटलीत ऱ्हातं पन्नास-साठ. ते उरल्यालं दूध तपासनाऱ्याचं. कुठं लिहिल्यालं न्हाई, पन सगळ्या केंद्रांवर तसंच. कुनी च्या करतं, कुनी कुत्र्याला घालतं. मी एकवीस वर्सं ते दूध शेजारच्या बादलीत टाकलं, मोरीत वतलं, मी पीत नसतो. पन चव न घेता मला सांगता यायचं कुठल्या बाटलीत कुनाचं घर हाय. ही बन्सीची, श्रीमंताचा पोरगा तो, पानी घालनाऱ्याचा पोरगा पानी घालनारा. ही केशरबाईची, म्हातारी एक म्हस राखती, सात फॅट, अशी दाट की बाटली उलटी केली तरी इचार करून खाली येती. त्या केशरबाईचं दूध मोरीत वतताना हात थांबायचा माझा. सरळ सांगतो, थांबायचा.

पंकजला मी सोबत न्यायचो. सकाळी, आन् मंग सांजच्याला. यशोधरेला काम, आक्काबाईचे गुडघे, कुनी संभाळायचं? मी खांद्यावर टाकून न्यायचो, पोत्यावर ठेवायचो. ते पडून ऱ्हायचं. क्यान आदळली तरी दचकायचं न्हाई, लॅक्टोमीटर डोळ्याफुडं धरलं तरी बघायचं न्हाई. लोक म्हनायचे, तात्या, नातू शांत हाय. शांत — दगडाला शांत म्हनत्यात का? एक दिवस मी केशरबाईची बाटली त्याच्याजवळ ठिवली, सहज, आन् त्यानं हात पुढं केला. आठरा महिन्यांत, न्हाई, वरसाचा असंल तवा, जलमात पयल्यांदा त्यानं हात पुढं केला. माझ्याकडं न्हाई. बाटलीकडं. आन् बघितलं. त्याच्या आईकडं बघितलं नसंल असं बघितलं.

तुमी काय केलं असतं?

तुमी डॉक्टर हायेत, तुमी दिलं नसतं. बरं. तुमच्या घरात फ्रीज असंल.

बोंडलं घरनं आक्काबाईनं दिल्यालं हुतं, लेकराला दूध पाजायचं, जुनं, पितळी, महेंद्र ल्हान असतानाचं, मीच मागून घेतलं, कशाला म्हनून तिनं इचारलं न्हाई. त्यात वतलं. प्यायला. आवाज करून प्यायला. पावडर ओकतो ते पोरगं शेवटचा थेंब चाटून प्यायला, आन् हसलं — हसलं का त्वांड वाकडं केलं कुनाला ठावं, मी हसलं म्हनतो. एक घोट. झालं एवढंच. हेच मी सगळ्यांना सांगितलं, एक घोट, आन् त्यात खोटं काय हाय, पयल्या दिवशी एकच घोट हुता.

हूं. आता तुमचं सांगा. मघाशी तुमी म्हनला त्या दोन जातींचं, ते पुन्हा सांगा, सावकाश. — म्हंजी असं, बघा मी म्हनतो ते बरूबर का. ह्या रोगाच्या दोन जाती. एका जातीत नुसती पावडर आन् पथ्य, पयल्या महिन्यापासनं केलं तर पोरगं शाळंत जातं, काही हुत न्हाई त्याला. दुसऱ्या जातीत पथ्य करूनबी भागत न्हाई, मेंदूला दुसरंच काही कमी असतं, त्याच्या गोळ्या येगळ्या, त्या भायेरदेशातनं मागवायच्या. आन् कुठली जात हे बघायचं यंत्र हितं न्हाई. मुताचा कागद इमानानं भायेरदेशी पाठवलाय, उत्तर यायला दीड महिना. तिकडं म्हनं आता असं यंत्र निघालंय की रक्ताच्या एका थेंबात वीस-वीस रोग एका दमात सांगतं. आमच्या केंद्रावरबी आलं शेवटी, बटन दाबायचं यंत्र, ॲसिड न्हाई काय न्हाई. माझ्या जागी आता बारावी पास पोरगी बसती आन् बटन दाबती. असो. तर दीड महिना. आन् दीड महिना पोरीचा मेंदू थांबत न्हाई. म्हनून तुमाला आजच ठरवायचंय, आन् ठरवायचं ते पंकजवरनं, कारन सख्ख्या बहीन-भावाची जात एकच. पंकजनं पथ्य पाळलं आन् तरी आकडा चढला, पोरगं बिघडलं — तर ती दुसरी जात. पंकजला पथ्य कुनी पाळूच दिलं न्हाई — तर पयली.

बरूबर समजलो ना मी? तिसरी शिकल्याला हाय, पन समजलो.

म्हंजी मी "एकदाच" म्हनलं, तर पावडर निकामी हुती, रोगच तसला, मी सुटलो. पोरगी चुकीच्या औषधावर. आन् मी दुसरं काय म्हनलं, तर पोरगी सुटली, आन् मंग पंकज —

पाचाचं कारट भिंतीला लावलं हुतं ना तिनं. पाच. मान धरली हुती.

तुमी लई वंगाळ बाई हायेत. गोड बोलता आन् असं कात्रीत धरता. त्या चष्मेवाल्यानं नुसतं इचारलं आन् गेला, बरा हुता त्यो.

त्या दिवशीचं सांगतो, मंग ठरवा. पंच्यान्नव साल, संक्रांतीच्या आदल्या दिशी, रांग मोठी, सनाचं दूध. यशोधरा कदी केंद्रावर यायची न्हाई, त्या दिवशी आली. का आली? कारट आलं हुतं, चोवीस, आन् रात्री महेंद्रनं काय केलं हुतं ते तिच्या डोळ्याखाली दिसत हुतं. ती दारात उभी, आन् मी हिकडं पोत्यावर पंकजला मांडीवर घेऊन बसल्यालो, बोंडलं त्याच्या तोंडात. ती वरडली न्हाई. वरडली असती तर बरं झालं असतं. तिनं जवळ येऊन बोंडलं काढून घेतलं, वास घेतला, आन् माझ्या टेबलावरनं माझंच लॅक्टोमीटर उचललं, आन् ते पोराच्या पोटावर असं उभं धरलं आन् रांगंकडं बघून म्हनली — मामा, सगळ्या गावाच्या दुधातलं पानी काढलंत तुमी, आता माझ्या पोराच्या रक्तातलं दूध काढून दाखवा. आन् म्हनली, भेसळवाले. मला. सहादूला. पंचवीस मानसांत. आन् त्यो बन्सी, पान्याचा बन्सी, त्यो रांगंतनं म्हनतो, तात्याची क्यान परत. हसले सगळे. सगळे हसले, डॉक्टरीणबाई. एकवीस वर्सं ज्या मानसांनी माझ्याफुडं क्यान ठेवताना मान खाली घातली ती मानसं हसली. मी म्हनलं, आज एकदाच दिलं, पोरगं रडत हुतं. रडत हुतं म्हनलं. त्याला रडायला तरी कुठं येतंय. चेरमन म्हनला, तात्या, थोडे दिवस घरी बसा. थोडे दिवस अजून चाललेतच.

ती त्याच दिशी भिंगारला गेली पोराला घेऊन. महेंद्र गेला मागनं, म्हैन्यानं, सासऱ्याच्या दारात टेम्पो लावून बसला, ऱ्हायला तिथंच घरजावई. तिचे पाय धरले म्हनं त्यानं. धरू दे. बायकोचे पाय धरनारा माझा नव्हं. आन् ह्या आक्काबाईनं दुसऱ्या दिशी गवळ्याला दारातनं परत लावलं, पितळी बोंडलं हिरीत टाकलं, आन् त्वांड मिटलं. तिचं म्हननं मी वळखतो. ती म्हनती, पोरीला मार बसत हुता आन् तू जेवत हुता.

जेवत हुतो. भूक लागायची मला.

बरं, एक इचारतो. पंकज कसा हाय? तुमी बघितलाच असंल भिंगारला. बसतो? न्हाई. बोलतो? — न्हाई, ते बी न्हाई. वळखतो का कुनाला? आईला? बरं. असू दे. — काय म्हनला? पुन्हा सांगा. कुठली बाटली? फिनेलची?

पांढरी बाटली दिसली की हात पुढं करतो. कुठलीबी. फिनेलची असो, चुन्याची असो.

हूं.

थांबा जरा. काही न्हाई, डोळ्यात चुलीचा धूर गेला. चूल बंद हाय? मंग मघाचा असंल.

घ्या, पेन घ्या. लिहा. रोज. रोज लिहा, स्पष्ट अक्षरात. सकाळी एक, सांजच्याला एक, बोंडलंभर. सनासुदीला तिसरं. ज्या महिन्यात पाच आकडा आला त्याच्या पुढच्या महिन्यापासनं त्या संक्रांतीपातूर, दोन वर्सं. खाडा न्हाई. मला ताप हुता तवाबी न्हेलं त्याला. घरी न्हेताना त्वांड माझ्या धोतरानं पुसायचो, म्हंजी वास येऊ ने. हेबी लिहा, पायजे तर. यशोधरेनं दाना चुकवला न्हाई. काट्यावर मोजलं तिनं, तिची पावडर चालू हुती, आन् त्या पावडरीनं आकडा पाचावर आनला हुता, पावडर चांगली हाय. पयली जात. द्या पोरीला पावडर, आजच्या आज द्या, हितं च्या पीत बसू नका. आन् पोरीला माझ्याकडं आनू नका. मला तिचं नावबी सांगू नका.

सही? कसली सही. तोंडानं सांगितलं ते कमी झालं का? अंगठाबी न्हाई, बोटांना ठसाच न्हाई म्हनलं ना मघा, काय उमटनार हाय. आन् ऐका, उठता उठता एक ऐका, हे तुमच्या कागदात बसत नसंल तरी ऐका. मी दिलं ते केशरबाईचं दूध हुतं. सात फॅट. त्यात पान्याचा थेंब न्हवता, बन्सीच्या बाटलीला मी त्या पोराचं त्वांड कदी लावलं न्हाई. चुकलं काय असंल ते असंल, ते तुमी काळं करा, माझा कोरा चौकोनबी काळा करा, घोटून करा. पन भेसळ न्हवती. सहादूनं जलमात भेसळ केली न्हाई. आन् पंचवीस मानसांत मला भेसळवाला म्हनलं गेलं, ते अजून कुनी माघारी घेतल्यालं न्हाई. दोन वर्सं मी ह्या उंबऱ्यात बसून वाट बघतोय.

जावा आता. साडेचारची नगर एसटी चुकली तर सहाशिवाय न्हाई. भिंगारलाच जातायसा ना? मंग तिथं निरोप द्या. पोरगी वाचली तर वाचली, त्याचं मला काही नको. माफी तेवढी अजून यायचीय. कुनाची म्हनून काय इचारता, इतकं सगळं ऐकून?

यशोधरेची.